दुर्लक्षित राहिलेले, निराश करणारे आणि मनापासून आवडलेले चित्रपट: सामान्य प्रेक्षकांची मते हवी आहेत

पूर्णाकाठ (परभणी) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. परभणीत नोकरी करणारा, सुटीच्या दिवशी घरच्यांसोबत चित्रपट पाहणारा आणि पाहून झाल्यावर त्याविषयी बराच वेळ बोलत बसणारा एक साधा प्रेक्षक आहे. गेल्या काही वर्षांत मला एक गोष्ट सतत जाणवते आहे. जे चित्रपट आमच्या घरात आजही चर्चेत येतात, त्यांतील बरेचसे परभणीच्या पडद्यावर आठवडाभरही टिकले नव्हते, आणि ज्यांच्यासाठी तिकिटांची रांग लागली होती, त्यांतील कित्येकांचे कथानक आता नीट आठवतसुद्धा नाही. म्हणून येथे आपणा सर्वांना विचारावेसे वाटते, की आपल्या मते कोणता चित्रपट अन्यायाने दुर्लक्षित राहिला, कोणत्या चित्रपटाने मोठी आशा दाखवून निराश केले, आणि कोणता चित्रपट कोणतेही मोठेपण न मिरवता निखळ आनंद देऊन गेला? केवळ नावे देऊन थांबू नये, कारणेही लिहावीत, ही विनंती.

सुरुवात माझ्यापासून करतो. दुर्लक्षित चित्रपटांत मी सर्वांत आधी राजेश पिंजानी यांच्या ‘बाबू बँड बाजा’चे नाव घेईन. बँडपथकात वाजवणारा बाप, मुलाने शिकावे म्हणून जिवाचे रान करणारी आई आणि दप्तर हरवल्यामुळे शाळेतून बाहेर पडण्याची वेळ आलेला मुलगा, एवढाच त्याचा ऐवज आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाचा सर्वोत्कृष्ट पहिला चित्रपट म्हणून त्याची निवड झाली, मिताली जगताप-वराडकर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा आणि विवेक चाबुकस्वार या मुलाला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला, तरीही माझ्या ओळखीच्या दहा माणसांत एकानेही तो पाहिलेला नसतो. लग्नाच्या वरातीत आपण ज्या माणसांकडे पाहतही नाही, त्यांच्या घरातील चूल हा चित्रपट दाखवतो, आणि त्यांची कीव करा असे एकदाही सुचवत नाही. बापाला मुलाचे शिक्षण नको आहे, पण तो दुष्ट नाही. त्याला जगण्याचा जो एकच मार्ग ठाऊक आहे, तोच त्याला मुलाच्या हाती द्यायचा आहे. हा ताण लेखकाने शेवटपर्यंत सैल होऊ दिलेला नाही.

दुसरा चित्रपट मकरंद माने यांचा ‘रिंगण’. कर्जात बुडालेला बाप आणि आई देवाघरी गेली आहे असे ऐकून ती देवाच्याच गावी सापडेल असे मानणारा मुलगा पंढरपुरात येतात. ६३ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, पण चित्रपटगृहांत यायला २०१७ चा जून उजाडला आणि आल्याआल्या तो निघूनही गेला. शशांक शेंडे यांनी रंगवलेला बाप फारसा बोलत नाही. मुलाने आईविषयी विचारले की तो नजर दुसरीकडे वळवतो, आणि त्या वळलेल्या नजरेत त्याची सारी लाचारी दिसते.

निराशेच्या बाबतीत ‘धडक’चे नाव घेण्यात नवीन काही नाही, हे मला माहीत आहे, पण कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘सैराट’मधील प्रेमकथा करमाळ्याच्या मातीत, ऊसपट्ट्याच्या राजकारणात आणि जातीच्या उतरंडीत रुजलेली होती. तिचे हिंदी रूप उदयपूरच्या महालांत नेताना नायकाची जात अशी काही पुसट केली गेली, की शेवटी घडणाऱ्या हिंसेला आधारच उरला नाही. शेवटी हिंसा तशीच येते, पण मूळ चित्रपटाने दोन तास ज्याची तयारी केली होती ती येथे नव्हती.

दुसरे नाव घेताना अनेकांचा रोष पत्करावा लागेल. ‘नटसम्राट’ने मला निराश केले. नाना पाटेकरांच्या ताकदीविषयी शंका नाही, परंतु शिरवाडकरांची स्वगते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावीत म्हणून लिहिलेली आहेत. कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ असताना तीच उंची आणि तोच आवेश वारंवार आला, की दुःख मनात उतरण्याऐवजी कानांवर आदळत राहते.

आनंद देणाऱ्या चित्रपटांत उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ माझ्या मते पहिला. एका मोकाट वळूला पकडण्यासाठी वनाधिकारी गावात येतो आणि त्या निमित्ताने गावातील प्रत्येक माणूस आपापला हिशेब चुकता करू पाहतो. त्यात गावकऱ्यांवर हसण्याची सोय नाही. आपण त्यांच्यासोबत हसतो. त्यानंतर परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’. कर्जापायी आईचे विणकामाचे यंत्र जप्त झाले आहे, वडिलांची आठवण असलेली सायकल विकावी लागणार आहे आणि मुले कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडून बसतात. विषय गंभीर, पण मुलांच्या भांडणांत आणि त्यांच्या तत्त्वज्ञानात इतकी गंमत आहे, की आमच्या घरातील सात वर्षांची भाची आणि सत्तरी ओलांडलेली आई एकाच वेळी हसत होत्या. ‘दे धक्का’ही याच रांगेत ठेवीन. त्याची कल्पना परदेशी चित्रपटावरून घेतलेली आहे, तरी त्यातील कुटुंब पूर्णपणे आपले वाटते.

या सगळ्यांतून माझ्यापुरता एक निकष तयार झाला आहे. पहिल्या अर्ध्या तासात चित्रपट आपल्यासमोर जो प्रश्न ठेवतो, तो त्याने शेवटपर्यंत सांभाळला का, एवढेच मी पाहतो. जो सांभाळतो, त्याचे छायाचित्रण साधे असले तरी चालते. जो मध्येच हात सोडतो, त्याला कितीही मोठे नट तारू शकत नाहीत. हा निकष आपणांस पटतो का, हेही लिहावे.

मांजरातीर (लातूर) यांचे उत्तर

पूर्णाकाठ दादा, प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते.

आधी ‘नटसम्राट’विषयी, कारण तेथे माझे आपल्याशी स्पष्ट मतभेद आहेत. आपण म्हणता ते तंत्राच्या दृष्टीने खरे असेल. परंतु लातूर, उदगीर, निलंगा या भागांत व्यावसायिक नाटकांचे प्रयोग किती विरळ होत गेले आहेत, हे आपण जाणता. आमच्या पिढीतील असंख्य लोकांनी हे नाटक पाठ्यपुस्तकातील उताऱ्यापलीकडे कधी अनुभवलेच नव्हते. त्यांच्यासाठी तो चित्रपट म्हणजेच नाटक होते, आणि रंगमंचाची उंची त्यात शिल्लक राहिली हे त्यांच्या दृष्टीने वाईट झाले नाही. शिवाय विक्रम गोखले यांचा रुग्णालयातील प्रसंग आठवावा. तेथे दोन थकलेले नट एकमेकांसमोर आहेत आणि बोलण्याइतकेच ऐकण्यालाही महत्त्व आहे. त्या एका प्रसंगात नाना पाटेकरही आवाज उतरवतात. संपूर्ण चित्रपट त्या सुरात असता तर बरे झाले असते, एवढे मी मान्य करते.

माझ्या मते सर्वाधिक अन्याय झालेला चित्रपट म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक स्मृती हरवत चालले आहेत. मुलीने त्यांना थोडा वेळ गाडीत बसवून ठेवले असताना रस्त्याने जाणारा हत्ती त्यांना दिसतो आणि ते लहान मुलाच्या ओढीने त्याच्यामागे निघून जातात. मोहन आगाशे यांनी हे काम असे केले आहे, की विद्वत्ता आणि बाल्य एकाच चेहऱ्यावर आलटून पालटून दिसत राहते. मुलगी जिवाच्या आकांताने त्यांना शोधते, आणि दुसरीकडे कानडी हेलात बोलणारी माहुताची बायको या अनोळखी म्हाताऱ्याला आपले लेकरू समजून भरवते, निजवते. तो कोण आहे, कोणत्या घरचा आहे, हा प्रश्नच तिला पडत नाही. जे काम सुशिक्षित लेकीला झेपेनासे झाले आहे, ते ही बाई सहजपणे करते. पण म्हणून लेकीला चित्रपट दोषी ठरवत नाही. घरात असा आजार असलेल्या प्रत्येकाला हा समतोल किती अवघड आहे ते कळेल. अमृता सुभाष यांना माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. २०१३ सालच्या चित्रपटांसाठीच्या त्या ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘फँड्री’, ‘अस्तु’, ‘आजचा दिवस माझा’ आणि सतीश मनवर यांचा ‘तुह्या धर्म कोंचा’ हे चार मराठी चित्रपटही गौरवले गेले. त्यांपैकी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो एकटा ‘फँड्री’. म्हणजे पुरस्कार मिळाल्याने चित्रपट आपल्या गावात येतो असे नाही. खेळांच्या वेळांचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटांना महत्त्वाची वेळ देण्याचा निर्णय झाला, पण शेवटी ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ठरली. भर दुपारचा खेळ हाही त्यात बसतो. त्या वेळी मी वर्गात असते, शेतकरी शेतात असतो आणि दुकानदार गल्ल्यावर असतो. मग आठवड्याच्या शेवटी सांगितले जाते की प्रेक्षकच आले नाहीत. प्रेक्षक येऊ शकतील अशा वेळी खेळ होता का, हे कोणी विचारत नाही.

निराशेविषयी लिहिताना एक नाव लातूरकर म्हणून जड अंतःकरणाने घेते. ‘लय भारी’. रितेश देशमुख आमच्या लातूरचे, त्यांचे मराठीतील नायक म्हणून पदार्पण, आणि दिग्दर्शक ‘डोंबिवली फास्ट’ करणारे निशिकांत कामत. आणखी काय हवे होते? चित्रपट चालला, गाणी गाजली, परंतु विठ्ठलाच्या नावाने सुरू झालेली गोष्ट दक्षिणेतील मारधाडपटाच्या साच्यात जाऊन बसली. ‘डोंबिवली फास्ट’मध्ये एका साध्या बँक कर्मचाऱ्याच्या संतापामागे लोकलची गर्दी, नळाचे पाणी आणि रोजची लाचलुचपत होती. येथे संताप आहे, पण तो कोठून आला हे फक्त सांगितले जाते. आपला निकष या चित्रपटाला अगदी तंतोतंत लागू पडतो.

निखळ आनंदासाठी मी ‘सैराट’चा पूर्वार्धच सांगेन. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, हे सर्वांना आठवत असेल. त्याच महिन्याच्या अखेरीस हा चित्रपट लागला. घरी पाण्याच्या घागरी मोजून वापरणारी मुले चित्रपटगृहात पडद्यासमोर नाचत होती. पुढे काय होणार याची त्यांना कल्पना नव्हती, आणि शेवटी सारे प्रेक्षागृह ज्या पद्धतीने गप्प झाले, तसे मी कोणत्याही खेळाला पाहिलेले नाही.

बालाघाटचा कोरडवाहू (केज, जि. बीड) यांचे उत्तर

राम राम. ताई आणि दादा, दोघांचेही लिखाण आवडले. मी शेती करतो आणि चित्रपट बहुतेक वेळा रात्री मोबाइलवरच पाहतो, म्हणून पडद्याच्या भव्यतेविषयी मी बोलणार नाही. शेतकऱ्यावर काढलेल्या चित्रपटांविषयी मात्र बोलण्याचा मला अधिकार आहे असे वाटते.

आमच्या आयुष्यावर चित्रपट काढणाऱ्या पुष्कळ लोकांना शेतकरी मरतो तेव्हाच दिसतो. तो जगतो कसा, पेरणीच्या आधी बियाण्याचे पैसे कोठून आणतो, दुबार पेरणीची वेळ आली तर घरातील कोणत्या दागिन्याकडे आधी पाहतो, सावकाराच्या घरासमोरून जाताना पाय कसे आवरतो, यात त्यांना नाट्य दिसत नाही. भेगाळलेली जमीन, वर पाहणारा म्हातारा आणि मागे करुण सूर, एवढ्यावर काम भागवले जाते. असे चित्रपट कितीही चांगल्या हेतूने काढलेले असले तरी मी निराश होतो.

याला सन्माननीय अपवाद म्हणजे सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’. गोष्ट विदर्भातील आहे, पण केजमध्ये घडली असती तरी एक ओळ बदलावी लागली नसती. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर किस्नाची बायको घाबरते. आपला नवराही तसे काही करील या भीतीने ती लहान मुलाला आणि सासूला त्याच्या मागे लावून देते, घरात काही नसताना त्याला गोडधोड करून घालते, त्याच्याशी हसून बोलते. नवऱ्याला कळत नाही की बायकोला अचानक झाले काय. या प्रसंगांना प्रेक्षक हसतात, आणि हसतानाच छातीत कळ येते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी नवरा-बायकोमधील लाड, चिडचिड आणि धास्ती इतकी खरी दाखवली आहे, की तो शेतकऱ्यावरचा चित्रपट आहे हे आपण विसरतो आणि एका संसाराकडे पाहू लागतो. पाऊस पडत नाही तेव्हाही माणूस हरतो आणि पडतो तेव्हाही हरतो, हे कोरडवाहू शेतीचे सत्य त्यात भाषणाशिवाय येते. पाठीवर थाप मारून धीर देणारी माणसे आणि उधारीचे नाव काढताच गप्प होणारी माणसे एकच असतात, हेही त्यात दिसते. २००९ मधील हा चित्रपट आमच्या तालुक्यात किती जणांनी पाहिला असेल, याचा विचार करवत नाही.

हिंदीत ‘कडवी हवा’ हा २०१७ चा चित्रपट असाच बाजूला पडला. बुंदेलखंडातील दुष्काळ, डोळ्यांनी अधू म्हातारा आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून आलेला वसुली अधिकारी. मुलाने कर्जापायी जीव देऊ नये म्हणून म्हातारा त्या वसुलीवाल्याशी एक सौदा करतो, आणि त्या सौद्याची किंमत गावातील इतरांना मोजावी लागते. एकाच्या गावाला पाऊस नाही आणि दुसऱ्याच्या गावाला समुद्र गिळतो आहे, म्हणून कर्ज वसूल करणारा आणि कर्ज फेडू न शकणारा दोघेही एकाच हवेचे बळी आहेत. संजय मिश्रा यांना मी तोवर विनोदी भूमिकांतच पाहिले होते. काठीने वाट चाचपत चालणारा त्यांचा म्हातारा पाहिल्यावर मला आमच्या गावातील दोन-तीन माणसे एकदम आठवली.

आता ‘रिंगण’विषयी. दादा, तुमच्या निकषावर तुमचाच आवडता चित्रपट तपासतो. सुरुवातीला प्रश्न कर्जाचा आहे. जमीन हातची जाणार आहे. पंढरपुरात पोहोचल्यावर मुलाची आई शोधण्याची गोष्ट इतकी मोठी होते, की कर्ज हळूहळू मागे पडते आणि शेवटी मनाला मिळालेल्या उभारीवर आपण समाधान मानतो. बापलेकाचे नाते सुरेख आहे, डोळे माझेही भरून आले. पण बँकेची नोटीस उभारीने परत जात नाही. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’त असे होत नाही. जमीन गमावलेला धनगर, त्याची मेंढरे, धाकट्या मुलाची कुस्तीची आणि लग्नाची स्वप्ने, आणि रानात तळ टाकला की गावातील दांडग्यांपुढे वाकावे लागणे, हा प्रश्न पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या हाणामारीपर्यंत एकच राहतो. आमच्या शिवारात दरवर्षी मेंढरे बसवायला येणारे कुटुंब रात्री कशाच्या भीतीने जागे राहत असेल, हे मला त्या चित्रपटानंतर कळले, आणि यंदा ते आले तेव्हा मी त्यांच्याशी पहिल्यांदा बसून बोललो.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

नमस्कार. केजच्या काकांनी लिहिलेले वाचून ‘ख्वाडा’ पुन्हा पाहण्याचे ठरवले आहे.

मला येथे ‘जून’ या चित्रपटाची नोंद करायची आहे, कारण तो आपल्याच प्रदेशातील आहे आणि तरीही त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. सुहृद गोडबोले आणि वैभव खिस्ती यांनी दिग्दर्शित केलेला आणि निखिल महाजन यांनी लिहिलेला हा चित्रपट औरंगाबादेत घडतो. मराठवाडा म्हटला की दुष्काळ, टँकर आणि पारावरच्या गप्पा एवढेच दाखवायचे, हा जणू नियम झालेला असताना येथे अभियांत्रिकीत नापास होऊन घरी परतलेला एक मुलगा आहे आणि संसार विस्कटल्यावर पुण्याहून या शहरात आलेली एक स्त्री आहे. सिद्धार्थ मेनन यांचा नील बापाशी बोलू शकत नाही, मैत्रिणीशी बोलू शकत नाही, आणि त्याच्या मनात अपराधाची जी गाठ आहे ती शहरातील कोणालाही दिसत नाही. माझ्या वर्गातील मुले अशीच गप्प होताना मी पाहिली आहेत. नापास झालेला मुलगा सिडकोतल्या घराच्या गच्चीवर किती तास काढतो, हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हा चित्रपट परका वाटणार नाही. काही ठिकाणी संवाद गरजेपेक्षा जास्त समजावून सांगतात, हा त्याचा दोष आहे. तो ३० जून २०२१ रोजी थेट ओटीटीवर आला, म्हणजे ज्या शहरात तो घडतो त्या शहराच्या मोठ्या पडद्यावर लोकांनी एकत्र बसून तो पाहण्याचा योग त्या वेळी आलाच नाही.

ताईंनी ‘आजचा दिवस माझा’चे नाव घेतले, त्याबद्दल त्यांचे आभार. त्याचे दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांची जडणघडण याच शहरातील नाट्यचळवळीत झाली. एका ज्येष्ठ गायकाला घर मिळवून देण्यासाठी मुख्यमंत्री एका रात्रीत सारी यंत्रणा हलवतो, इतकीच गोष्ट. सचिन खेडेकर यांचा मुख्यमंत्री साधुपुरुष नाही. अहंकार, पश्चात्ताप आणि हिशेबीपणा त्याच्यात एकत्र नांदतात. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना जी धडधड होते, ती एखाद्या पाठलागाइतकी रंगते. राजकारणावरचे चित्रपट बहुधा पुढाऱ्याला खलनायक करून मोकळे होतात, त्यामुळे सत्तेतील माणसाच्या मनात डोकावणारा हा चित्रपट मला अधिक मोलाचा वाटतो. याच दिग्दर्शकांचा मकरंद अनासपुरे यांच्यासोबतचा ‘कायद्याचं बोला’ मी निव्वळ आनंदासाठी सुचवीन. आपल्याकडची बोली केवळ हशा वसूल करण्यासाठी न वापरता एका हुशार माणसाच्या तोंडी आली, की तिचा रुबाब कसा वाढतो, ते त्यात पाहण्यासारखे आहे.

पूर्णाकाठ दादांच्या निकषाविषयी थोडी शंका आहे. काही चित्रपट पहिल्या अर्ध्या तासात प्रश्नच मांडत नाहीत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचाच ‘कासव’ घ्या. ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. नैराश्याने ग्रासलेल्या, स्वतःविषयी एक शब्द न बोलणाऱ्या तरुणाला एक स्त्री कोणतेही प्रश्न न विचारता आपल्या घरी राहू देते. प्रश्न न विचारणे हाच तेथे उपचार आहे, त्यामुळे चित्रपटही प्रेक्षकाला घाई करू देत नाही. असे चित्रपट पाहताना थांबण्याची तयारी लागते. येथे दरवर्षी होणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मी पाहिले आहे, की शेजारी बसलेले अनोळखी लोकही अशा संथ चित्रपटाला शेवटपर्यंत साथ देतात. तेच लोक घरी मोबाइलवर दहा मिनिटांत तो बंद करतील. काही चित्रपट दुर्लक्षित राहतात त्यामागे ते कोठे आणि कोणासोबत पाहिले, हेही एक कारण आहे.

दुर्लक्ष कायमचे असते असेही नाही. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा मोजक्याच लोकांनी पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. मग ‘अस्तु’ किंवा ‘बाबू बँड बाजा’ पुन्हा पडद्यावर का येऊ नयेत?

गोदातट (नांदेड) यांचे उत्तर

आपणा सर्व तरुण मंडळींच्या चर्चेत एका जुन्या चित्रपटाची भर घालतो. १९९२ चा ‘एक होता विदूषक’. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन पु. ल. देशपांडे यांचे, गीते आपल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांची आणि संगीत आनंद मोडक यांचे. इतके सारे असूनही लोकांनी त्याकडे पाठ फिरवली, आणि त्याचे कारण माझ्या मते लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडून लोकांनी बाळगलेली अपेक्षा हे होते. पोट धरून हसायला म्हणून आलेल्या प्रेक्षकांसमोर एका सोंगाड्याची शोकांतिका उभी राहिली. तमाशाच्या फडात वाढलेला अबुराव चित्रपटांचा नायक होतो, पुढे राजकारण्यांच्या हातचे खेळणे बनतो, आणि साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या माणसाची स्वतःची लेक हसत नाही. तिला हसवण्यासाठी तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा बेर्डे यांचा चेहरा नीट पाहावा. आयुष्यभर त्यांनी ज्या लकबींवर टाळ्या मिळवल्या, त्या साऱ्या तेथे आहेत, पण आता त्यांच्यामागे एका बापाची तहान आहे.

म्हणून पूर्णाकाठ यांच्या निकषात मी एक भर सुचवतो. चित्रपटाने दिलेला शब्द पाळला का, हे पाहण्याआधी तो शब्द चित्रपटाने दिला होता की जाहिरातीने, की आपल्याच मनाने, हे तपासावे. त्या चित्रपटाने विनोदाचे वचन दिलेच नव्हते. नावातील ‘होता’ या शब्दापासूनच तो दुःखाकडे चालला होता. बेर्डे यांना त्यानंतर अशी भूमिका क्वचितच मिळाली, ही हानी मला त्या चित्रपटाच्या अपयशाहून मोठी वाटते.

पूर्णाकाठ (परभणी) यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोदातट काका, आपली भर मी पूर्णपणे स्वीकारतो, आणि ‘नटसम्राट’ विषयीही ताईंचे म्हणणे विचार करायला लावणारे आहे. रुग्णालयातील प्रसंग त्या चित्रपटात सर्वोत्तम आहे, यात मुळीच वाद नाही.

केजच्या काकांना मात्र ‘रिंगण’विषयी उत्तर देतो. माझ्या वाचनाप्रमाणे त्या चित्रपटाचा प्रश्न सुरुवातीपासूनच कर्ज कसे फिटेल हा नाही. कर्ज असतानाही हा बाप मुलासमोर खरे बोलू शकेल का, हा तो प्रश्न आहे. आई गेली आहे हे मुलाला न सांगणारा बाप आणि आपली परिस्थिती कोणालाच न सांगणारा शेतकरी हे एकाच माणसाचे दोन भाग आहेत. पंढरपुरात त्याला पहिले खरे बोलावे लागते, म्हणून पुढे दुसऱ्याला तोंड देण्याचे बळ येते. बँकेची नोटीस तशीच राहते हे खरे, पण ती परत गेली असे चित्रपटही म्हणत नाही. तरीही, ज्याला ती नोटीस स्वतःच्या नावाने येऊ शकते, त्याचे मत माझ्यापेक्षा वजनदार आहे हे मी जाणतो, आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ शेजारी ठेवून ‘रिंगण’ पुन्हा पाहीन.

‘अस्तु’ आणि ‘एक होता विदूषक’ या महिन्यात घरच्यांसोबत पाहणार आहे. ‘जून’ भाच्याने आधीच लावून ठेवला आहे. ताईंनी उल्लेख केलेला ‘तुह्या धर्म कोंचा’ मला अजून पाहायला मिळालेला नाही. त्याला सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि दिग्दर्शक ‘गाभ्रीचा पाऊस’चेच आहेत. किनवट, माहूरकडील कोणी तो पाहिला असेल, तर त्यातील आदिवासी गाव आणि तेथील बोली त्यांना कितपत खरी वाटली, ते कृपया येथे लिहावे.